बोरसे सरांची काहीही अपेक्षा नव्हती

बोरसे सरांचा मेसेज आला तेव्हा प्रेमराज भदाणे, म्हणजे नाना, एका गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते. दुसऱ्या गालाला त्या दिवशी साबण लागलाच नाही.

'आदरणीय प्रेमराजजी, सप्रेम नमस्कार. आपण विवाहप्रसंगी अत्यंत आपुलकीने दिलेले भांडी धुण्याचे यंत्र दुर्दैवाने कायमचे बंद पडले आहे. आमची काहीही अपेक्षा नाही. केवळ आपल्या माहितीस्तव. आपला, हि. द. बोरसे, मुख्याध्यापक (सेवानिवृत्त).'

बोरसे सर म्हणजे नानांचे व्याही. राहणार जळगाव, महाबळ. त्यांचा मुलगा ललित विमा कंपनीत होता आणि नानांची एकुलती एक मुलगी दिपमाला अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या घरी गेली होती. सर स्वभावाने अतिशय सभ्य. त्यांनी लग्नात काही मागितलं नाही. 'हल्ली जळगावात बऱ्याच घरांत भांड्यांचं मशीन असतं' एवढं एक निरीक्षण तेवढं नोंदवलं होतं. आवाज चढवलेला त्यांना कुणी ऐकला नव्हता. मोबाइलवर लिहितानासुद्धा ते पूर्णविराम देत, आणि त्या पूर्णविरामांमुळेच नाना त्यांचा प्रत्येक मेसेज दोनदा वाचत.

"अपेक्षा नाही म्हणताहेत ना? मग सोडून द्या," नानांच्या पत्नी सुलक्षणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

आठ दिवसांनी तोच मेसेज पुन्हा आला. फक्त 'दुर्दैवाने' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला होता. त्यानंतरच्या सोमवारी तिसऱ्यांदा आला.

"काही अपेक्षा नाही हे माणूस तीन-तीनदा कशाला कळवतो हो?" सुलक्षणाबाईंनी विचारलं. या वेळी त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या होत्या.

नाना भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. धुळे तालुक्यात असा बांध नसेल ज्याच्यावर ते उन्हात उभे राहिले नसतील. भावाभावांनी कुऱ्हाडी काढलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, पण व्याह्यांच्या सभ्यतेपुढे काय करायचं याचं परिपत्रक खात्याने कधी काढलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आधी दुरुस्ती. वॉरंटी पाच वर्षांची होती आणि बिल त्यांच्याच नावावर होतं. बिल, गॅरंटी कार्ड, मशीनच्या खोक्याचा फोटो, सगळं त्यांनी एका फायलीत लावून वर अनुक्रमणिका जोडलेली होती.

कंपनीच्या मदत क्रमांकावर पहिली बारा मिनिटं बासरी वाजली. मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, तुमचा पिनकोड धुळ्याचा आहे."

"हो. मी धुळ्याला राहतो. मशीन जळगावला आहे."

"सर, मशीन तुमच्याकडे नाही का?"

"मुलीकडे आहे."

"मग मुलीच्या नावाने तक्रार नोंदवा सर."

"बिल माझ्या नावावर आहे, ताई."

"मग सर, मशीन तुमच्या पत्त्यावर पाहिजे."

अशी चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी एका वरिष्ठ ताईंनी नानांचं म्हणणं मान्य केलं, पण मशीनपाशी उभं राहून एक फोटो पाठवा म्हणाल्या. नानांनी सरांना नम्र मेसेज केला. सरांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'क्षमस्व. यंत्र अडगळ ठरत असल्याने मागील आठवड्यात भंगारात दिले. आपण उगाच तसदी घेत आहात. आमची काहीही अपेक्षा नाही.'

नानांनी फायलीवर 'निकाली' असं लिहिलं आणि ती ट्रंकेत ठेवली.

आता नवीन घेणं आलं. पेन्शनीतून आणि मुदत ठेवीच्या व्याजातून मिळून पंचवीस हजार निघत होते. त्याच्या वर एक रुपया नाही, हे सुलक्षणाबाईंनी देवासमोर उभं राहून सांगितलं होतं. आग्रा रोडवरच्या दुकानांमध्ये मात्र पंचवीस हजार हा आकडा उच्चारला की विक्रेते तरुण नानांना हळूच मिक्सरच्या विभागाकडे वळवत.

शेजारचे वनाआप्पा पहिल्या दिवसापासून सल्लागार म्हणून सोबत होते. आप्पा एसटीचे निवृत्त चालक. जगातली कुठलीही वस्तू ते गाडी समजूनच तपासत. त्यांनी पहिल्याच दुकानात एका मशीनचं दार उघडून आत डोकं घातलं आणि पाच मिनिटं काढलंच नाही.

"नाना, याला दोन पंखे आहेत, वर एक, खाली एक. खालचा जाम झाला तर?"

"जाम होत नाही काका," विक्रेता म्हणाला.

"गाडीचं पण असंच सांगता तुम्ही लोक," आप्पा आतूनच म्हणाले.

नानांना प्रश्नच निराळा पडला होता. आठ जणांच्या भांड्यांचं घ्यावं की बारा जणांच्या? बोरसे सरांच्या घरी माणसं चार. सर, विहीणबाई मंजुळाबाई, ललित आणि दिपमाला. पण सरांची मुलगी चारुलता भुसावळला दिली होती, आणि ती नवरा-मुलांसह दर शनिवारी माहेरी येई. शिवाय सरांकडे वर्गमित्रांचा गट जेवायला येई. दिपमालाने एकदा फोनवर सहज सांगितलं होतं, 'काल अठरा ताटं होती, नाना.' त्या वेळी नानांना सरांच्या लोकसंग्रहाचं कौतुक वाटलं होतं.

तिसऱ्या दुकानातला विक्रेता म्हणाला, "काका, कुठलंही करपलेलं भांडं आणा. तुमच्यासमोर धुऊन दाखवतो. मग घ्या."

हा प्रस्ताव आप्पांना फारच शास्त्रशुद्ध वाटला. दुसऱ्या दिवशी सुलक्षणाबाईंनी जीव तोडून एक पातेलंभर फौजदारी डाळ करपवली. आयुष्यभर न करपवलेली डाळ मुद्दाम करपवायला त्यांना दोन प्रयत्न लागले आणि घरात जो धूर झाला त्याने समोरच्या गॅलरीत दोन माणसं जमली. ते पातेलं कापडी पिशवीत घालून नाना स्कूटरवरून आग्रा रोडला निघाले. सिग्नलला शेजारी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आत नानांचे जुने अधीक्षक होते.

"काय भदाणे, डबा घेऊन कुणीकडे? दवाखान्यात कुणी आहे का?"

"नाही साहेब. पातेलं आहे. धुवायला नेतोय."

साहेब बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. सिग्नल हिरवा झाला तरी ते पाहत होते. मग म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" आणि उत्तराची वाट न पाहता गेले. त्या प्रश्नाने नाना पुढे दोन चौक बेचैन होते.

दुकानात त्या दिवशी पाणी नव्हतं. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या पाचही जणांना एकाच वेळी पडला. मालकांनी पातेल्याचं झाकण उघडून आत पाहिलं, "हे निघेल" असा निर्वाळा दिला आणि झाकण परत लावलं. घरी आल्यावर ते पातेलं सुलक्षणाबाईंनी राख आणि काथ्याने अर्धा तास घासलं. 

शेवटी मशीन मिळालं ते त्याच दुकानात. काचेत मांडलेला नमुना होता तो. बारा ताटांचा, डाव्या अंगाला नारळाएवढा पोचा आलेला. मालक म्हणाले, पोचा भिंतीकडे जाईल, कुणाला दिसणार नाही. माल परत होणार नाही आणि जळगावला पोचवून मिळणार नाही. आप्पांनी पोच्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "चेसिसला लागलेलं नाही. घ्या."

पैसे देण्याआधी माप घेणं नानांच्या रक्तात होतं. त्यांनी दिपमालाला फोन लावला.

"ओट्याखालची मशीनची जागा मोजून सांग बेटा. रुंदी, उंची, खोली."

टेप शोधण्याचा आवाज आला, काहीतरी बाजूला सरकवल्याचा आला. तिने आकडे सांगितले. मागून सरांचा आवाज आला, "सेंटीमीटरमध्ये सांग, दिपमाला. मिलिमीटर असतील तर तेही." तिने पुन्हा सांगितले.

"जुनं मशीन भंगारवाल्याने कधी नेलं गं?" नानांनी सहज विचारलं.

पलीकडे टेप गुंडाळल्याचा आवाज आला.

"हो, नाना," ती म्हणाली.

कधी, या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे, हे नानांना फोन ठेवल्यावर जाणवलं. पण समोर मालक पावतीचं पुस्तक उघडून बसले होते, आणि माणूस खरेदीच्या घाईत असला की बऱ्याच गोष्टी त्याच्या कानावरून जातात. नानांनी सही केली.

जळगावला न्यायला आप्पांनी भिकनचा छोटा टेम्पो ठरवून दिला. भिकन सरकी ढेप घेऊन जळगावच्या बाजारात जाणारच होता. ढेपेच्या गोण्यांच्या मधोमध मशीन उभं राहिलं, त्याला दोरीचे सात वेढे पडले आणि शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता नाना पुढच्या सीटवर बसून निघाले. सुलक्षणाबाईंनी मांडीवर कळण्याच्या पापडांचा डबा दिला होता. सरांना आवडतात म्हणून.

"नाना, हाई काय शे मांगे?" फागण्याच्या पुढे भिकनने विचारलं.

"भांडी धुण्याचं मशीन."

"मशीन भांडा धोस?" भिकनने गाडीचा वेग कमी केला. "मंग घरमानी बाई काय करस?"

नानांनी त्याला समजावून सांगितलं. वेळ वाचतो, पाणी कमी लागतं, बाईच्या हाताला आराम मिळतो. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच बरं वाटू लागलं. आपण पोरीसाठी काहीतरी ठोस घेऊन चाललो आहोत, ही भावना धुळ्यात दुकानं फिरताना त्यांना एकदाही झाली नव्हती, ती मुकटीच्या पुढे झाली.

पारोळ्याला चहाला थांबले असताना फोन वाजला. अनोळखी क्रमांक.

"प्रेमराज भदाणे सर का? कंपनीतून बोलतोय. तुमच्या डिशवॉशरचं काम झालंय. पंप बदलला. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा म्हणजे मी निघतो."

"कुठलं डिशवॉशर?"

"तुमचंच सर. तुमच्या घरी उभा आहे."

"माझं घर धुळ्याला आहे. मी पारोळ्याला उभा आहे."

"नाही सर, भुसावळ. रेल्वे कॉलनी. चारुलता मॅडमकडे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. त्याने मशीनचा क्रमांक वाचून दाखवला.

तो क्रमांक नानांना पाठ होता. अनुक्रमणिकेत तो तिसऱ्या ओळीवर होता.

"भंगारातून आणलंय का त्यांनी?" नानांनी विचारलं. आपण हे का विचारतोय हे त्यांनाही कळेना.

"काय माहीत नाही सर. मॅडम म्हणतात आईकडून आलंय, दोन महिने झाले. सर, ओटीपी? पुढच्या घरी जायचंय. नंबर तुमचा रजिस्टर आहे म्हणून, नाहीतर त्रास दिला नसता."

नानांनी चष्मा वर केला, मेसेज उघडला आणि सहा आकडे एक एक करून, स्पष्ट उच्चारात, त्याला सांगितले. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस समोरच्याचं काम अडवून धरायला लाजतो. "आणि सर, पाच स्टार द्या ना प्लीज, नाहीतर पगार कापतात," तो म्हणाला. नानांनी पाच स्टारही दिले.

चहा गार झाला होता. भिकनने विचारलं, "काय झाये नाना?"

"काही नाही. चल."

एरंडोल आलं, गेलं. पाळधी आलं.  परत फिरावं असं त्यांना तीनदा वाटलं आणि तीनही वेळा त्यांनी ते भिकनला सांगितलं नाही. परत जाऊन मशीनचं काय करणार होते ते? माल परत होणार नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं. दोन महिन्यांपासून अठरा ताटं कोण घासतंय, हा प्रश्न पारोळ्यापासून त्यांच्यासोबत येऊन बसला होता.

महाबळच्या घरी सर फाटकापर्यंत सामोरे आले. पांढरा कुडता, खिशाला पेन. "अहो, कशाला एवढी तसदी? आम्ही काही म्हटलं होतं का?" म्हणत त्यांनी नानांचे दोन्ही हात हातात घेतले. मंजुळाबाईंनी चिवडा आणला. ललितने सोफ्यावरून अर्धं उठून नमस्कार केला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बसला. सरांनी धुळ्याचं हवामान विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, वनाआप्पांची प्रकृती विचारली. सभ्यतेत कुठे तसूभर उणं नव्हतं.

दिपमाला चहा घेऊन आली. तिने ट्रे ठेवला आणि हात लगेच पदराखाली घेतले. पण नानांना दिसले. बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळली होती. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. एम.एस्सी.ला प्रयोगशाळेत काम करतानाही हिच्या हातावर कधी डाग पडला नव्हता.

"जागा बघून घेतो," नाना म्हणाले आणि उठले. टेप त्यांच्या खिशात होताच.

स्वयंपाकघरात ओट्याखाली मशीनचा गाळा रिकामा होता. तिथे एक प्लास्टिकची पाटी आणि तिच्यात सकाळची भांडी होती. मंजुळाबाई दारात उभ्या राहिल्या. नाना खाली वाकून टेप धरू लागले, तेवढ्यात मंजुळाबाईंचा फोन वाजला.

"हां चारू, बोल. झालं का चालू?" त्या बोलत बोलत मागच्या ओसरीवर गेल्या.

नाना आणि दिपमाला लग्नानंतर पहिल्यांदा एका खोलीत दोघंच होते.

"मला सांगितलं का नाहीस?" नानांनी हळू आवाजात विचारलं.

"फोन स्पीकरवर असतो, नाना."

"नेहमी?"

"नेहमी. सर म्हणतात, घरात लपवण्यासारखं काय आहे." ती खाली बसून टेपचं दुसरं टोक धरत होती. "त्यांनी विचारलं होतं मला. चारुताईंना घरकाम झेपत नाही, तुला तर सवय आहे, मशीन त्यांना दिलं तर चालेल ना? मी काय म्हणणार होते? पुढे चारुताईंकडचं परत आलं आणि दोन झाली तर वरच्या मजल्यावर एक ठेवतील म्हणे. भाड्याने देणार आहेत तो."

"ललितराव?"

"ते वाईट नाहीत," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "ते कसेच नाहीत."

 टेपवरचे आकडे त्यांना दिसत होते. मशीन या गाळ्यात नीट बसत होतं, दोन्ही बाजूंनी बोटभर जागा सोडून. दिपमालाने टेप सोडला. तो सर्रकन नानांच्या हातात परत आला.

"नाना," ती म्हणाली, आणि शाळेत असताना आजीशी बोलायची त्या बोलीत म्हणाली, "माले घर ली चाला."

ओसरीवरचं बोलणं थांबलं होतं. मंजुळाबाई आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. कुणीतरी एका गृहस्थाने फोनवर ओटीपी दिला, हे चारुलताने त्यांना सांगितलं असणार. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. गॅसवर दूध चढत होतं, ते कुणी उतरवलं नाही.

"अजून चहा घेणार का?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"नको," नाना म्हणाले. "झाला."

ते बाहेर आले. नोकरीच्या पस्तीस वर्षांत त्यांना माप बदलायला माणसांनी काय काय देऊ केलं होतं. एकाने गाय आणून बांधली होती, एकाने घरात शिरून कोयता टेबलावर ठेवला होता. नानांनी वीतभर बांध कधी इकडचा तिकडे केला नाही. या एका गोष्टीवर ते ताठ चालत आले होते. आता ते बोरसे सरांसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले,

"सर, बसत नाही."

"म्हणजे?"

"चार सेंटीमीटर कमी पडताहेत. रुंदीला."

"पण दिपमालाने तर माप व्यवस्थित..." सर उठू लागले. "आणा बरं तो टेप."

नानांनी टेप खिशात टाकला. सर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, गाळ्याकडे पाहिलं, वाकायचा प्रयत्न केला आणि गुडघ्याला हात लावून तिथेच थांबले. "ललित, जरा बघ रे."

"नाना मोजणीवाले आहेत," ललित मान वर न करता म्हणाला. "ते म्हणतात तर नसेल बसत."

"परत न्यावं लागेल," नाना घाईने म्हणाले. "दुकानदार बदलून देईल. पण जागा स्वतः पाहिलेलं माणूस लागेल सोबत. दिपमालाला नेतो. निवड तिलाच करू द्या."

 सरांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली होती. चाळीस वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याला जेवढं कळायचं तेवढं सरांना त्या मानेवरून कळलं. सभ्य माणसाची एक अडचण असते. समोरच्याने आरोप केला तर त्याला समजावता येतं. समोरचा नम्रपणे खोटं बोलू लागला तर त्याला अडवायचं कशाच्या आधारावर?

"दोन दिवसांत पाठवा म्हणजे झालं," सर म्हणाले.

दिपमाला आतून आली. अंगावरच्याच साडीत. हातात एक जाड निळी फाइल होती.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"मशीनची कागदपत्रं," ती म्हणाली.

मशीनची कागदपत्रं धुळ्याला ट्रंकेत होती. निळ्या फायलीत तिची दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतची प्रमाणपत्रं होती. नानांनी ती ओळखली आणि ते घाईघाईने चपला घालू लागले. डाव्या पायातली उजव्यात गेली. तशीच ते फाटकाबाहेर पडले. पापडांचा डबा सोफ्यावर राहिला.

भिकन ढेप उतरवून आला होता. मशीन टेम्पोत तसंच दोरीने बांधलेलं पाहून त्याने विचारलं, "उतारनं नही?"

"नाही. परत जायचं."

भिकनने दिपमालाकडे पाहिलं, मग नानांकडे.  त्याने सीटवरचा ढेपेचा भुसा हाताने झटकला. "बठ, ताई," म्हणाला.

ती मधे बसली. पाळधी येईपर्यंत ती रस्त्याकडे पाहत होती. एरंडोलला मेसेज आला. 'दिपमाला सुखरूप पोहोचल्याचे कळवावे. आमची काहीही घाई नाही.' नानांनी फोन खिशात ठेवला. त्यांना वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही. पारोळ्याच्या आधी ती बसल्या बसल्या झोपली, आणि तिचं डोकं खड्ड्यांमध्ये नानांच्या खांद्यावर आपटत राहिलं. त्यांनी खांदा हलवला नाही. धुळ्यात देवपूरला, घरी पोचेपर्यंत तो बधिर झाला होता.

यात कुणी जिंकलं असं समजू नये. दुकानाच्या मालकांनी पावतीवरची ओळ दाखवली आणि मशीन परत घ्यायला नकार दिला. ते भदाण्यांच्या पुढच्या खोलीत खोक्यासकट उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून ते आत जातच नव्हतं. हे माप घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण ते या घरासाठी कधी नव्हतंच. वनाआप्पांनी गच्चीवर टाकी ठेवून पाइपाने पाणी खाली आणण्याची योजना मांडली. ती ऐकून घेतली गेली. आठवडाभर गल्लीतल्या बायका येऊन बसत. पहिली पाच मिनिटं मशीनवर बोलत आणि मग, "पण पोरगी कधी जाणार परत?" असं विचारत. एकीने तर दिपमालाच्याच समोर सांगितलं की सासर चांगलं शिकलेलं आहे, मारझोड नाही, मग अजून काय पाहिजे. सुलक्षणाबाईंनी तिला चहा दिला नाही. देवपुरात या गोष्टीची बरेच दिवस चर्चा झाली.

सव्वा महिन्याने जळगावच्या एका वकिलांची नोटीस आली. अशिलाच्या पत्नीने विनाकारण घर सोडले असून पंधरा दिवसांत नांदावयास यावे, आणि येताना अशिलाच्या कुटुंबासाठी खरेदी केलेले भांडी धुण्याचे यंत्र सोबत आणावे. भाषेवरून मसुदा सरांनी तपासलेला दिसत होता. नानांनी ती दोनदा वाचली. दिपमालाने त्यांच्या हातातून कागद घेतला, वाचला, घडी करून निळ्या फायलीत शेवटी लावला. दुसऱ्या दिवशी ती शिरपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावरची जागा आहे म्हणून मुलाखतीला गेली. जागा मिळाली नाही. त्यांनी पुढच्या सत्रात पाहू म्हटलं.

ती परतल्यावर दुपारी उशिरा जेवणं झाली आणि ती सवयीने ताटं गोळा करायला उठली.

"बस," नाना म्हणाले.

"अहो नाना..."

"बस म्हटलं ना."

त्यांनी स्वतः तीन ताटं उचलली आणि मोरीकडे नेली. नळाला पाणी नव्हतं. पिंपातलं तांब्याने घेऊन ते घासू लागले. साबण इतका झाला की फेस मोरीबाहेर आला. 

दिपमाला पाटावर बसून राहिली. तिला उठायचं नव्हतं. पण तिच्या हातांना काही कळेना. ते मांडीवर जाईनात, जमिनीवर टेकेनात. तिने एक हात दुसऱ्यात धरला, आणि आतून ताटांचे आवाज येत राहिले तितका वेळ तो घट्ट धरून ठेवला.